जुना शॉर्टवेव्ह रेडिओ घेताना मॉडेल नंतर बघा, आधी समोरचा नग बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "लहानपणी घरी शॉर्टवेव्ह ऐकायचो, आता पुन्हा ऐकावीशी वाटते. जुना पण चांगला पोर्टेबल सेट घ्यायचा विचार आहे. तीन सेट समोर आहेत. एक ऐंशीच्या दशकातला काट्याचा, सात-आठ बँडवाला. दुसरा सोनीचा आयसीएफ-एसडब्ल्यू७६००जीआर. तिसरा टेकसनचा पीएल-६६०. कोणता घेऊ, घेताना काय तपासू आणि घेतल्यावर जपू कसा?"

मी मॉडेलपासून सुरुवात करणार नाही. गेली पंचवीस वर्षं मी असे सेट उघडतो, साफ करतो, दुरुस्त करतो आणि रात्री त्यांच्यावर ऐकत बसतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. वापरलेला रेडिओ घेताना मॉडेलचं नाव दुय्यम असतं, समोरचा तो एक नग कसा आहे हे महत्त्वाचं. नावाजलेल्या मॉडेलचा, पण सेल गळून आतून खाल्लेला नग तुम्हाला महिनोन्महिने छळेल. साध्या मॉडेलचा नीट सांभाळलेला नग वर्षानुवर्षं तक्रार न करता वाजेल. म्हणून तिन्हींपैकी ज्याचा सेलचा कप्पा स्वच्छ आहे, त्याच्याकडे आधी वळा.

कप्प्यावर मी एवढा भर का देतो ते सांगतो. अल्कलाइन सेल गळतो तेव्हा त्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं. हवा लागली की त्याची पांढरी भुकटी होते आणि स्प्रिंगवर हिरवट-निळसर थर चढतो. एवढंच असेल तर ते साफ करता येतं. पण हा द्रव एका जागी थांबत नाही. स्प्रिंगला जोडलेल्या वायरीत बारीक तारांचा जुडगा असतो, त्या तारांमधून तो प्लास्टिकच्या आवरणाखाली सरकत जातो. मी अशी वायर सोलून पाहिली आहे. बाहेरून लालभडक आणि नवी दिसते, पण आतली तांब्याची तार कोळशासारखी काळी. त्या तारेवर सोल्डर धरतच नाही, गोळा होऊन घरंगळतं. वायर पीसीबीला, म्हणजे सगळे भाग बसवलेल्या आतल्या पाटीला, जिथे जोडलेली असते तिथपर्यंत हा रोग गेला असेल, तर तिथले ट्रॅकही खाल्लेले असतात. त्यामुळे कप्प्याचं झाकण काढा, टॉर्च मारा आणि स्प्रिंगच्या बुडाशी बघा. पत्रा घासून चकचकीत केलेला दिसला, पण त्याच्या कडेला हिरवी रेघ उरली असेल, तर गळती झालेली आहे आणि ती झाकायचा प्रयत्नही झालेला आहे. असा सेट मी सोडून देतो.

कप्प्यानंतर स्क्रू बघा. स्क्रूच्या डोक्यावरच्या खाचा झिजलेल्या असतील तर सेट कुणीतरी उघडला आहे. उघडणं वाईट नाही, माझ्याकडचे सगळेच उघडलेले आहेत. पण कशासाठी उघडला, काय बदललं, हे विचारा. "माहीत नाही" हे उत्तर मिळालं तर जास्त काळजीने तपासा.

आता ऐकण्याची परीक्षा. तिच्यासाठी स्वतःचे नवे सेल, एक इअरफोन, चार-पाच मीटर साधी वायर आणि तिला लावायला एक मगर-क्लिप सोबत न्या. सेट अडॅप्टरवर लावून दाखवला तर तो काढा आणि सेलवरच लावा. शक्यतो गच्चीवर किंवा मोकळ्यावर जा. घरात एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, टीव्ही, राउटर हे सगळे शॉर्टवेव्हवर इतका आवाज करतात की चांगला सेटही बहिरा वाटतो आणि बहिऱ्या सेटलाही बहाणा मिळतो. वेळ संध्याकाळची निवडा. अंधार पडताना ३१ मीटरवर, म्हणजे साधारण ९४०० ते ९९०० किलोहर्ट्झवर, बहुतेक ठिकाणी काहीतरी जोरात लागतं. रात्र वाढेल तसं ४९ मीटर, ५९०० ते ६२०० किलोहर्ट्झ, भरतं. दुपारी जायची वेळ आलीच तर १९ मीटर म्हणजे १५१०० किलोहर्ट्झच्या वर आणि १६ मीटर म्हणजे १७५०० च्या आसपास शोधा. दिवसा वरच्या आणि रात्री खालच्या फ्रिक्वेन्सी, हे ध्यानात ठेवलं की निम्मा गोंधळ संपतो. भर दुपारी ४९ मीटरवर शांतता असेल तर त्यात रेडिओचा दोष नाही.

बरेच लोक जुना सेट एफएम आणि मीडियमवेव्हवर वाजवून दाखवतात आणि "बघा, चालू आहे" म्हणतात. त्यावरून शॉर्टवेव्हबद्दल काहीच कळत नाही. मीडियमवेव्हची अँटेना म्हणजे आतला फेराइट रॉड, शॉर्टवेव्हचा सिग्नल मात्र बाहेरच्या दांडीतून येतो. दांडीनंतर लगेच एक नाजूक ट्रान्झिस्टर, बहुतेक वेळा एफईटी, बसवलेला असतो. तो गेला की मीडियमवेव्ह ठणठणीत आणि शॉर्टवेव्ह मुकी, अशी अवस्था होते. तपासायला सोपी युक्ती आहे. शॉर्टवेव्हवर रिकाम्या जागी या, जिथे फक्त सुसूऽऽ असा फुसफुसता आवाज आहे. दांडी पूर्ण आत ढकला, मग पूर्ण बाहेर काढा, मग बोटाने धरा. प्रत्येक वेळी फुसफुस बदलली पाहिजे, दांडी बाहेर आली की वाढली पाहिजे. काहीच फरक पडला नाही तर पुढचा भाग मेलेला आहे किंवा दांडीची वायर आत तुटली आहे. वायर तुटली असेल तर पाच मिनिटांचं काम, पण ते उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून वाईटच गृहीत धरा.

दुसरी परीक्षा काट्याच्या सेटसाठी खास आहे. स्वस्त किंवा जुन्या सेटमध्ये बहुधा सिंगल कन्व्हर्जन असतं, म्हणजे आलेला सिग्नल एकदाच ४५५ किलोहर्ट्झच्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणला जातो. अशा सेटमध्ये जोरदार स्टेशन दोन ठिकाणी ऐकू येतं, एकदा स्वतःच्या जागी आणि एकदा त्याच्या ९१० किलोहर्ट्झ खाली. ४५५ ची ती दुप्पट. ९७०० वर एखादं दणदणीत स्टेशन लागलं तर ८७९० वर जाऊन बघा. तिथे तोच आवाज जवळपास तेवढ्याच जोरात असेल, तर रात्रीच्या गर्दीत या सेटवर खरं स्टेशन आणि भूत यांच्यात भेद करताना तुम्ही थकाल. डबल कन्व्हर्जनच्या सेटमध्ये, ज्यात ७६००जीआर आणि पीएल-६६० दोन्ही येतात, ही भुतं जवळजवळ नसतात. त्यांची पहिली मधली फ्रिक्वेन्सी खूप वर, ५५ मेगाहर्ट्झच्या पुढे असते, म्हणून प्रतिमा शॉर्टवेव्हच्या बाहेर फेकली जाते.

तिसरी परीक्षा अचूकतेची. ५०००, १०००० आणि १५००० किलोहर्ट्झवर वेळेचे सिग्नल चालतात. अमेरिकेतल्या फोर्ट कॉलिन्सहून डब्ल्यूडब्ल्यूव्ही आणि चीनमधून बीपीएम. दर सेकंदाला टक्‌ टक्‌ ऐकू येतं, ओळखायला चुकत नाही. डिजिटल सेटवर १०००० लावा आणि एसएसबी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचं बोलणं ऐकण्यासाठी असते ती सोय, चालू करा. शिट्टी ऐकू येईल. फाइन ट्यूनिंग फिरवून ती खाली खाली आणत शून्यावर न्या. चाक मध्याजवळ असताना शिट्टी विरली तर सेट जागेवर आहे. पार टोकाला जावं लागलं तर तो सरकला आहे. काट्याच्या सेटवर याच सिग्नलवरून डायल किती खोटं बोलतो ते कळतं. वीस-तीस किलोहर्ट्झची चूक काट्यात चालते, तिला मी दोष म्हणत नाही.

मग बाकीचं पटापट. आवाजाचं चाक अगदी सावकाश शून्यापासून वरपर्यंत फिरवा. खरखर आली तर हरकत नाही, ती साफ होते. पण एखाद्या जागी आवाज पूर्ण जात असेल तर आतला कार्बनचा पट्टा झिजला आहे. बँड स्विच दहा-बारा वेळा पुढे-मागे करा. सगळी बटणं दाबा, एकही वगळू नका. ट्यूनिंगचं चाक सावकाश एका दिशेने फिरवा. आकडे मधेच मागे उडी मारत असतील तर एन्कोडर, म्हणजे चाकाची फिरकी आकड्यांत बदलणारा भाग, मळला आहे. डिस्प्लेवरच्या आकड्यांच्या रेघा तुटक दिसत असतील तर काचेखालची रबरी पट्टी सैल झालेली असते. कधी नुसतं साफ करून नीट बसवलं की होतं, कधी होत नाही. सेट हातात धरून पाठीवर बोटाने हलकेच टकटक करा. आवाज गेला-आला तर कुठेतरी ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला सोल्डरचा जोड, आहे. दांडी प्रत्येक कोनात स्वतःच्या वजनाने न पडता उभी राहते का ते बघा.

दोन वेळा मला "मेलेला" म्हणून दिलेला सेट पूर्ण जिवंत निघाला आहे, म्हणून हेही लिहितो. काहीच होत नसेल तर आधी होल्ड किंवा लॉकचा खटका बघा. तो लागलेला असला की बटणं दाबून उपयोग नसतो. आणि डिस्प्ले चालू पण स्पीकर गप्प असेल तर इअरफोनची पिन दहा वेळा आत-बाहेर करा. इअरफोनच्या जॅकमध्ये स्पीकर तोडणारी एक बारीक पट्टी असते. ती मळली की सेटला वाटतं इअरफोन लावलेलाच आहे.

आता मॉडेल. सोनीचा ७६००जीआर २००१ साली आला आणि बरीच वर्षं बनत राहिला. आता तो नवा मिळत नाही. त्याची मोठी ताकद सिंक्रोनस डिटेक्शन. दूरचं स्टेशन हळूहळू चढतं-उतरतं आणि मधेच आवाज फाटल्यासारखा होतो, कारण मूळ वाहक लहर आणि तिच्या दोन्ही बाजूंचे पट्टे एकाच वेळी फिके पडत नाहीत. सिंकमध्ये रेडिओ स्वतः एक पक्की वाहक लहर तयार करून तिच्या आधाराने ऐकतो आणि वरची किंवा खालची, जी बाजू कमी गोंगाटाची असेल ती निवडता येते. सोनीचं सिंक सिग्नल घट्ट धरून ठेवतं. पीएल-६६० मध्येही सिंक आहे, पण सिग्नल कमजोर झाला की ते सुटतं आणि सुटताना कुईऽऽ करतं. उलट पीएल-६६० ला फिरवायचं चाक आहे, फिल्टरची रुंद-अरुंद अशी निवड आहे, स्पीकरचा आवाज भरदार आहे. सोनीवर बटणं दाबत ट्यून करावं लागतं. ज्याला बँडवर चाक फिरवत भटकायचं आहे त्याला पीएल-६६० हातात जास्त गोड लागेल. ज्याला ठरावीक स्टेशन नीट ऐकायचं आहे, त्याने सोनी घ्यावा. माझ्या टेबलावर सोनी असतो.

काट्याचा सेट मी नाकारत नाही. त्याचा स्पीकर मोठा, आवाज उबदार, आणि रात्री उजेडात चमकणाऱ्या डायलवरून काटा सरकवण्यात जे सुख आहे ते आकड्यांत नाही. पण त्यात एसएसबी नसेल तर हौशी रेडिओवाल्यांचं बोलणं बदकाच्या आवाजासारखं ऐकू येईल आणि काही समजणार नाही. आज शॉर्टवेव्हवर हा भाग फार मोठा आहे. रेडिओ नेदरलँड्सने २०१२ मध्ये आणि रेडिओ ऑस्ट्रेलियाने ३१ जानेवारी २०१७ ला शॉर्टवेव्ह बंद केली. बीबीसीने कित्येक भाषा आणि दिशा आवरल्या. चीन, रोमानिया, तुर्कस्तान, न्यूझीलंड अजून ऐकू येतात, धार्मिक केंद्रं तर भरपूर आहेत. पण पूर्वीची ती खचाखच भरलेली डायल डोळ्यांसमोर ठेवून सेट घेतलात तर हिरमोड होईल. त्याऐवजी ७००० ते ७२०० वर एलएसबीमध्ये (एसएसबीची खालची बाजू) आणि १४००० ते १४३५० वर यूएसबीमध्ये (वरची बाजू) हौशी लोकांच्या गप्पा, विमानांसाठीचं हवामान, वेळेचे सिग्नल हे सगळं धरलं तर अजून बरंच आहे. म्हणून पहिलाच सेट असेल तर एसएसबी असलेला घ्या. काट्याचा दुसरा म्हणून घ्या.

इतर काही मॉडेलं समोर आली तर त्यांचे ठरलेले आजार माहीत असावेत. सोनीचा आयसीएफ-२०१०, ज्याला काही बाजारांत २००१डी म्हणतात, १९८५ च्या सुमाराचा आणि अजूनही अप्रतिम. पण त्याचा पुढचा एफईटी बाहेरच्या एरियलवरच्या स्थिर विजेने जातो. वर सांगितलेली दांडीची परीक्षा त्याच्यावर हटकून करा. हा सेट दोन तऱ्हेचे सेल मागतो, रेडिओसाठी तीन मोठे आणि आतल्या संगणकासाठी दोन पेन्सिल सेल. छोटे नसतील तर तो मेलेला वाटतो. आयसीएफ-एसडब्ल्यू१, एसडब्ल्यू५५ आणि सुरुवातीचे एसडब्ल्यू७७ यांच्यात पीसीबीवर चिकटवलेले बारीक इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर गळतात. आवाज हळू, चिरका, कधी फक्त इअरफोनमध्ये कुजबुज, ही त्याची लक्षणं. कंडेन्सर बदलून झाले आहेत का हे विचारा. झाले नसतील तर ते काम करणारा माणूस आधी शोधा, मग सेट घ्या. इवला एसडब्ल्यू१०० घडीचा आहे आणि बिजागरीतून जाणारी त्याची पट्टीदार केबल उघडझापीने तुटते. इटनच्या ई१ आणि ई५ सारख्या सेटवरचा मऊ रबरी लेप काळाने चिकट होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या सुती कापडाने तो निघतो, पण एक पूर्ण संध्याकाळ जाते आणि छापलेली अक्षरं जपावी लागतात. टेकसनच्या पीएल-८८० ला १८६५० आकाराचा लिथियम सेल लागतो आणि पीएल-३३० ला जुन्या मोबाइलमधली बीएल-५सी. दोन्ही सहज मिळतात. पण सोबत आलेला सेल फुगलेला असेल तर तो पुन्हा चार्ज करू नका, बाजूला काढा.

सेट घरी आणला की लगेच चालवायची घाई करू नका. आधी साफसफाई. कप्प्यात थोडी पांढरी भुकटी असलीच तर पद्धत अशी: हातमोजे घाला. सेट उभा धरा, म्हणजे ओल आत न जाता बाहेर येईल. कानकोरण्याच्या कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाचा एक थेंब घ्या, ओली नव्हे, दमट काडी हवी. भुकटीवर टेकवली की बारीक बुडबुडे येतात. अल्कली आणि आम्ल एकमेकांना मारतात त्याची ती खूण. बुडबुडे थांबेपर्यंत नवी काडी घेत राहा. मग पाण्याने दमट काडी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग तासभर हवेशीर. स्प्रिंगवरचा उरलेला काळपटपणा पेन्सिलीच्या खोडरबराने किंवा फायबरच्या पेनने काढा. पॉलिश पेपर वापरला तर वरचा निकेलचा थर जातो आणि खालचं लोखंड पावसाळी हवेत आठवड्यात गंजतं. जुन्या झिंक-कार्बन सेलची गळती मात्र आम्लाकडे झुकते. तिथे व्हिनेगर नको, पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा चालतो. कोणता सेल गळला ते त्याच्या आवरणावरून कळतं. सेलच नसेल तर आधी नुसत्या दमट काडीने आणि अल्कोहोलने बघा.

खरखरणाऱ्या चाकासाठी आणि स्विचसाठी इलेक्ट्रॉनिक्सचाच कॉन्टॅक्ट क्लीनर घ्या. दारं-बिजागऱ्यांसाठी असतो तो तेलकट फवारा रेडिओत मारू नका. त्या दिवशी खरखर जाते खरी, पण तेलाचा थर धूळ धरतो आणि काही महिन्यांत आधीपेक्षा वाईट होतं. बारीक नळीने एकच छोटा फवारा, सेल काढून, चाक तीस-चाळीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि रात्रभर सुकू द्या. काट्याच्या सेटमध्ये ट्यूनिंग करताना खरखर येत असेल तर दोष गँगमध्ये, म्हणजे ट्यूनिंगबरोबर फिरणाऱ्या पात्यांच्या कंडेन्सरमध्ये असतो, गँगच्या आसाला टेकलेल्या पितळी पट्टीशी. तिथे क्लीनरचा एक थेंब पुरतो. गँगच्या पात्यांना बोट लावू नका. डायलची डोरी निसटत असेल तर बदलण्याआधी तिच्यावर राळेची पूड बोटाने चोळून बघा, पकड परत येते. डोरी तुटलीच असेल तर जुनी काढण्याआधी तिच्या वाटेचा फोटो काढा आणि कागदावर चित्रही काढा. आसाभोवती किती वेढे आणि कोणत्या दिशेने, हे फोटोत हमखास झाकलेलं असतं.

आणि कृपा करून आयएफटीचे, म्हणजे मधल्या फ्रिक्वेन्सीच्या छोट्या डब्यांचे, रंगीत गाभे आणि ट्रिमर नावाचे बारीक स्क्रू फिरवू नका. माझ्याकडे येणाऱ्या बहिऱ्या सेटपैकी कितीतरी सेट मुळात ठीक होते. कुणीतरी "जरा सुधारेल" म्हणून सगळे गाभे एकेक वळसा फिरवले. ते कारखान्यात सिग्नल जनरेटर लावून बसवलेले असतात. कानाने परत जागेवर येत नाहीत, आणि चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने फेराइटचा गाभा चिरला तर कायमचा अडकतो.

रोजच्या वापरात तीन गोष्टी सेटचं आयुष्य ठरवतात: सेल, अडॅप्टर आणि बाहेरचं एरियल.

दोन आठवडे ऐकणार नसाल तर सेल काढून ठेवा. हा एकच नियम पाळला तरी सेट टिकेल. मी कमी गळणारे निकेल-मेटल-हायड्राइड रिचार्जेबल सेल वापरतो. ते १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात, तरी बहुतेक सेट त्यांच्यावर आनंदाने चालतात. सेलचा निर्देशक थोडा आधी रिकामा दाखवतो एवढंच. पीएल-६६० सेटमध्येच सेल चार्ज करतो. त्यात साधे अल्कलाइन सेल असताना चुकूनही चार्जिंग सुरू करू नका, ते तापून गळतील.

अडॅप्टरवर दोन गोष्टी वाचा, व्होल्ट आणि पिनची दिशा. दोन वर्तुळांची छोटी खूण असते, मधला ठिपका धन की ऋण ते तीच सांगते. बऱ्याच जुन्या जपानी सेटमध्ये मध्य ऋण आहे, नव्या अडॅप्टरमध्ये बहुधा धन. उलटी पिन एकदा लागली तरी पुरे होतं. खूण मिळाली नाही तर मीटरने मोजल्याशिवाय पिन घालू नका. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या, नियंत्रण नसलेल्या अडॅप्टरवर ६ व्होल्ट लिहिलेलं असलं तरी भार नसताना मीटर ९ दाखवू शकतो. आणि नव्या हलक्या स्विचिंग अडॅप्टरचा गोंगाट शॉर्टवेव्हवर थेट बसतो. म्हणून ऐकायला बसताना मी सेलच लावतो.

एरियल म्हणून पाच ते सात मीटर साधी वायर खिडकीबाहेर सोडली आणि दांडीला क्लिप केली तर पुष्कळ फरक पडतो. याच्यापुढे मोह आवरा. पोर्टेबल सेटचं पुढचं दार दांडीच्या हिशोबाने बनवलेलं असतं. वीस-तीस मीटरची वायर लावली की जोरदार स्टेशनं एकमेकांत मिसळतात, नसलेल्या जागी गाणी वाजू लागतात. तेव्हा डीएक्स-लोकलचा (दूरचं-जवळचं) खटका लोकलवर न्या किंवा वायर आखडा.

वायर लावण्याआधी तिचं टोक जमिनीला जोडलेल्या धातूला टेकवा, म्हणजे साठलेली स्थिर वीज निघून जाते. आणि ढग गडगडत असतील तर वायर काढा, रेडिओ बंद केला एवढ्याने भागत नाही. माझा एक मोठा सेट असाच गेला. वीज आसपास कुठेही पडली नव्हती. दूरवर गडगडाट होता, कोरडा वारा सुटला होता आणि रात्रभर वायर सेटला लागलेली होती. सकाळी मीडियमवेव्ह नेहमीसारखी, शॉर्टवेव्हवर फक्त मंद सुसू. दांडी धरली, सोडली, काही बदल नाही. एक एफईटी बदलला आणि सेट परत बोलू लागला, पण तो एफईटी मिळवायला मला सहा आठवडे लागले. तेव्हापासून वायर खिडकीवर खिळ्याला अडकवलेली असते आणि ऐकतानाच आत येते.

दांडी आत ढकलताना वरचं टोक दाबू नका, बारीक नळी वाकते. खालच्या जाड नळीपासून एकेक करत आत घ्या. वाकवायची असेल तर बुडाशी धरून वाकवा.

सेट पडून राहू देऊ नका. महिन्यातून एकदा अर्धा तास वाजवला की इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर जागे राहतात आणि स्विच स्वतःच स्वतःला घासून स्वच्छ ठेवतात. बंद प्लास्टिकच्या पिशवीत ओल अडकते. कापडी पिशवी आणि सिलिका जेलची पुडी बरी. उन्हाच्या खिडकीत डिस्प्ले काळवंडतो.

घरात एखाद्या रात्री सेट एकदम बहिरा वाटला तर उघडण्याआधी घराचा मुख्य स्विच बंद करून सेलवर ऐका. आवाज एकदम निवळला तर आजार घरात आहे, रेडिओत नाही. मग एकेक स्विच चालू करत जा, गुन्हेगार सापडतो. माझ्या अनुभवात पहिला संशय चार्जरवर आणि दुसरा एलईडी दिव्यावर घ्यावा.

एखादं स्टेशन नाहीसं झालं तर तारीख बघा. जगभरचे प्रसारक मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी फ्रिक्वेन्सी बदलतात. पहिल्याच आठवड्यात एक वही करा आणि ठरावीक वेळी ऐकू येणारी दहा स्टेशनं तिच्यात लिहा: फ्रिक्वेन्सी, वेळ, सिग्नलचे आकडे किंवा नुसतं "दणदणीत", "बरं", "जेमतेम". वेळेचे सिग्नल त्यात असू द्या, कारण ते ऋतूप्रमाणे जागा बदलत नाहीत. वर्षभराने सेट मंदावला आहे असं वाटलं तर त्याच महिन्यात, त्याच तासाला ती दहा स्टेशनं पुन्हा लावून बघा. दहाही उतरली असतील तर स्क्रूड्रायव्हर हातात घ्या. दोन-तीनच उतरली असतील तर सेट तसाच राहू द्या.